कूलरची खिडकी आणि बारदान्याचं लपण: अंगणातल्या छोट्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

दिवाळी झाली की कूलर खिडकीतून निघतो आणि नागपूरच्या घराघरांत एक चौकोन मोकळा होतो. कोणी तिथे पुठ्ठा लावतं, कोणी थर्माकोल. बाहेरचा लोखंडी स्टँड मात्र पुढच्या होळीपर्यंत तसाच पडून असतो. माझी पक्ष्यांची फोटोग्राफी सुरू झाली ती या चौकोनातून. लेन्स घेतली होती पेंच-ताडोबासाठी, आणि दोन सफारींच्या मध्ये ती कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपलेली असायची. ती गळ्यात अडकवून अंबाझरीच्या बगिच्यात शिंजीर पक्ष्यामागे बरेच महिने धावलो, आणि शेपट्यांचे व रिकाम्या फांद्यांचे फोटो भरपूर जमले. मग एका डिसेंबरात तापाने घरी पडलो असताना कूलरच्या रिकाम्या स्टँडवर एक शिंपी पक्षी येऊन बसला. मी पलंगावर, खोलीत अंधार, मध्ये जेमतेम अडीच मीटर. त्याने निवांत पिसं साफ केली, शेपटी उभी करून दोनदा ओरडला आणि निघून गेला. आत कोणी माणूस आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

लपून बसायच्या अशा जागेला जंगलात लपण म्हणतात, फोटोवाले हाईड म्हणतात. अंगण, गच्ची, खिडकी, काहीही चालतं. पक्ष्याच्या मागे जायचं नाही, तो जिथे येणारच आहे तिथे आपण आधी जाऊन बसायचं.

आठ दिवस कॅमेरा काढू नका

हे कोणालाच आवडत नाही, पण यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. सकाळी चहा घेऊन एका ठिकाणी बसा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण आलं, किती वाजता आलं, येताना आधी कुठे टेकलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. छोटा पक्षी पाण्यावर किंवा खाण्यावर थेट उतरत नाही. आधी उंच झाडावर थांबतो, मग मधल्या झुडपात, तिथून आणखी एका जवळच्या काडीवर, आणि चहूकडे बघून झाल्यावर खाली. माझ्या अंगणात बुलबुल कडुलिंबावरून सीताफळावर, सीताफळावरून कपड्यांच्या दोरीवर आणि तिथून पाण्याच्या परळावर येत. म्हणजे फोटोची जागा दोरीची होती. दोरी काढली, तिथे बोरीची काडी उभी केली. आई म्हणाली, "आता कपडे काय तुझ्या बुलबुलावर वाळत घालू?" दोरी गच्चीवर गेली.

आठ दिवसांत तुम्हाला तुमची यादीही कळते. नागपूरच्या साध्या अंगणात लालबुड्या बुलबुल, दयाळ, चीरक, शिंपी, राखी वटवट्या, जांभळा शिंजीर, चष्मेवाला, मुनिया, चिमणी, छोटा होला, सातभाईंचा गोंधळ आणि उंबर-पिंपळ जवळ असेल तर तांबट, एवढे तर दिसतातच. थंडीत थिरथिरा पाहुणा येतो आणि कंपाउंडच्या भिंतीवर शेपटी थरथरवत बसतो. यातल्या कोणासाठी बसायचं ते एकदा ठरवून टाका. सगळ्यांसाठी एकच मांडणी केली की कोणाचाच धड फोटो येत नाही.

दाणा की पाणी

माझं स्पष्ट मत: पाणी. दाणा टाकला की तिसऱ्या दिवशी पारवे येतात, आणि पारवे आले की मुनिया येत नाहीत. शिवाय शिंपी, वटवट्या, सुभग हे किडे खाणारे, त्यांना तुमच्या बाजरीचं काही देणंघेणं नसतं. पाण्यावर मात्र सगळेच येतात. मुनिया-चिमण्यांसाठी दाणा ठेवायचाच असेल तर मूठभर राळे किंवा बाजरी टांगत्या छोट्या भांड्यात ठेवा, म्हणजे पारव्याला टेकायला जागा उरत नाही. बुलबुलासाठी पिकलेल्या पपईची फोड पुरते. मीठ-तेल लागलेलं काहीही नको, शेव-चिवडा तर मुळीच नको. शिंजिरासाठी साखरेचं पाणी ठेवू नका. आपल्या उन्हात ते लवकर आंबतं. त्यापेक्षा जास्वंद, हमेलिया, टेकोमा लावा. शेवगा फुललेला असेल तर शिंजीर आपणहून दिवसभर तिथेच असतो.

पाण्यासाठी मातीचा पसरट परळ घ्या, फूटभर रुंद. खोली फार लागत नाही: मध्ये तीन-चार सेंटिमीटर, कडेला त्याहून कमी. खोल वाटत असेल तर नदीतले गोटे टाका. दहा सेंटिमीटरच्या पक्ष्याला आपला साधा तसराळाही विहिरीसारखा वाटतो. परळ झुडपापासून दीड-दोन मीटर दूर आणि शक्यतो स्टँडवर असावा. झुडूप अगदी लागून असेल तर मांजर तिथेच दबा धरतं, आणि फार लांब असेल तर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आल्यावर पक्ष्यांना पळायला जागा नसते.

आता खरी युक्ती. स्थिर पाण्यापेक्षा ठिबकणाऱ्या पाण्याकडे पक्षी लवकर येतात, कारण थेंबाचा आवाज आणि हलणारी चमक लांबून कळते. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी गळती परळावर टांगा. मडक्याला बारीक भोक पाडून त्यातून कापडाची वात ओवली तरी चालतं. मी मेडिकलमधून सलाईनचा नवा कोरा सेट आणतो आणि तो एक लिटरच्या बाटलीला जोडतो. त्याच्या चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. साधारण २० थेंबांचा एक मिलीलिटर होतो, म्हणजे मिनिटाला २० थेंब ठेवले तर लिटरभर पाणी १६ तास पुरतं. सकाळी भरली की रात्रीपर्यंत बघायला नको.

परळ रोज रिकामा करून ब्रशने घासा, साबण न लावता. कोरडा करून पुन्हा भरा. हे कंटाळवाणं आहे, पण आठवडाभर साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंगूच्या दिवसांत शेजारी तुमच्या छंदाचं कौतुक करणार नाहीत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शिंजीर, चष्मेवाला, शिंपी हे बऱ्याचदा परळात उतरतच नाहीत, ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतात. दुपारी साडेतीनच्या सुमारास कर्दळीच्या किंवा जास्वंदीच्या पानांवर फवारा मारून ठेवा आणि लपणात जाऊन बसा. चष्मेवाल्यांची टोळी आली तर दहा मिनिटांत कार्ड भरेल.

ऊन आणि मागची भिंत

ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यावर पडलं पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऋतूप्रमाणे सूर्य सरकतो हे विसरतात. जानेवारीत नागपुरात सूर्य सातला थोडी मिनिटं कमी असताना उगवतो, तोही आग्नेयेच्या अंगाने. म्हणून हिवाळ्यात लपण अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात आणि काडी वायव्येला. मे महिन्यात तो साडेपाचच्या सुमारास ईशान्येकडून वर येतो, म्हणून लपण ईशान्येला सरकवायचं. माझं पहिलं लपण मी हौसेने पूर्वेकडे तोंड करून बांधलं. महिनाभर सगळे पक्षी काळ्या कागदाच्या कात्रणासारखे आले.

हिवाळ्यात साडेसात ते दहा आणि दुपारी साडेतीन ते पाच हा उजेड चांगला. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर कॅमेरा ठेवून द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा लागतो तेव्हा, दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो. पक्ष्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि पोटाखाली काळोख, दुसरं काही मिळत नाही. सावलीतला सपाट उजेड त्यापेक्षा कितीतरी बरा. माझी कूलरची खिडकी उत्तरेकडे आहे, हिवाळ्यात थेट ऊन येत नाही. पण समोरच्यांनी भिंतीला पांढरा चुना मारला आणि तिच्यावरून येणाऱ्या उजेडाने दयाळाच्या काळ्या पिसांतली निळी झाक दिसायला लागली. त्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

मागे काय आहे ते लपणात बसून, लेन्समधून बघा. नुसत्या डोळ्यांना पाण्याची टाकी, डिशची छत्री, पिवळी बादली दिसत नाही, लेन्सला दिसते. काडीपासून मागची झाडं चार-पाच मीटर तरी दूर असली की हिरवा रंग मऊ पसरतो. जागा नसेल तर मागे मळकट हिरवी किंवा मातकट चादर ताणून लावतात. मला ते स्टुडिओसारखं वाटतं, पण गच्चीवर टाक्यांच्या रांगेपेक्षा चादर पत्करली.

काडी

काडी पाण्यापासून फूटभर अंतरावर आणि पाण्याहून अर्धा-एक फूट वर. रेतीने भरलेल्या बादलीत खोचली की हवी तिथे सरकवता येते. शिंजिराला पेन्सिलीएवढी जाडी, बुलबुल-दयाळाला अंगठ्याएवढी. जाड ओंडक्यावर शिंपी बसला की फोटो ओंडक्याचा होतो. बोर, पेरू, बाभूळ, वाळकं सीताफळ, सगळं चालतं. फाल्गुनात एखादी तुटून पडलेली पळसाची फांदी मिळाली तर सोन्याहून पिवळं. फुलं दोनच दिवस टिकतात, म्हणून आदल्या संध्याकाळी आणा. झाडावरून तोडू नका.

काडी लेन्सला समांतर, आडवी ठेवा. तुमच्याकडे टोक करून ठेवली तर पक्षी तुमच्याकडे तोंड किंवा पाठ करून बसतो आणि अर्धा अंधुक येतो. जास्तीचे फाटे छाटून बसायला एक-दोनच जागा ठेवा. फोकस कुठे लावायचा हा प्रश्नच उरत नाही. विष्ठा पडली की ओल्या फडक्याने पुसा. आठ-दहा दिवसांनी काडी बदला, नाहीतर पन्नास फोटोंत तेच एक बेचकं दिसतं.

लपण बांधताना

अंतर आधी ठरवा, कारण लपणाची जागा त्यावर ठरते. सोपा हिशोब आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा छोटा) सुमारे २३.५ मिमी रुंद असतो. ४०० मिमी लेन्स, ४ मीटर अंतर, म्हणजे चौकटीत साडेतेवीस सेंटिमीटर रुंदी मावते. शिंजीर १० सेंटिमीटरचा, तो चौकटीचा जवळजवळ निम्मा भाग घेईल. बुलबुल २० सेंटिमीटरचा, त्याची शेपटी कापली जाण्याची भीती, त्याला ५-६ मीटर हवेत. फुल फ्रेम असेल तर २३.५ च्या जागी ३६ धरा. दुसरी मर्यादा लेन्सची: बऱ्याच मोठ्या झूम लेन्स दोन-अडीच मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. आपल्या लेन्सवरचा आकडा बघून घ्या, मगच बांबू रोवा.

बुरडाकडून पाच फुटी चार बांबू आणा आणि चार बाय चार फुटांत रोवा. वरून आडवे चार बांधा. त्यावर बारदाना, नाहीतर गच्चीवर लावतात ती हिरवी जाळी दुहेरी. जाळी एकेरी लावली तर ऊन मागून आलं की तुमची सावली आत हलताना बाहेरून स्पष्ट दिसते. म्हणून पाठीमागची बाजू आणि छत काळ्या किंवा गडद चादरीने पूर्ण बंद करा. पक्ष्याला तुमचा रंग खटकत नाही, उजेडासमोर हलणारा आकार खटकतो. आत अंधार असेल तर पुढचं भोक थोडं मोठं झालं तरी चालतं. कापड चहूबाजूंनी ताणून बांधा. माझ्या पहिल्या लपणाचा एक कोपरा वाऱ्याने फडफडायचा आणि प्रत्येक फडफडीला अंगण रिकामं व्हायचं.

लेन्ससाठी जुन्या पँटचा पाय कापून त्या भोकाला शिवा. लेन्स त्यातून बाहेर काढली की भोवतीची फट बंद होते. शर्टाची बाही अरुंद पडते, अनुभव आहे. भोकाची उंची काडीएवढी, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर. तुम्ही मोढ्यावर बसणार, म्हणजे जमिनीपासून साधारण अडीच-तीन फूट. बांधून झालं की चार दिवस ते तसंच राहू द्या, आणि भोकात काळा रंग दिलेला पाइपचा तुकडा खोचून ठेवा. लेन्सच्या त्या काळ्या डोळ्याची सवय व्हायला पक्ष्यांना वेळ लागतो.

फ्लॅटमध्ये हे सगळं लागत नाही. खिडकीपासून दोन-अडीच मीटर मागे, खोलीत बसा, दिवे बंद, मागचं दार बंद. काच आणि मच्छरजाळी दोन्ही सरकवलेली हवी. त्यांच्यामधून काढलेला फोटो धुरकट येतो. खिडकीत गडद पडदा आणि त्याला उभी चीर. परळ आणि काडी कूलरच्या स्टँडवर. मोठी लेन्स नसेल तर मोबाईलही चालतो: काडीपासून हातभर अंतरावर छोट्या स्टँडवर लावा आणि ब्लूटूथ रिमोटने आतून बटण दाबा. आधी दोन-तीन दिवस तिथे मोबाईलएवढी काळी डबी ठेवलेली असावी.

आत बसल्यावर

पक्षी यायच्या आधी, अंधारातच आत शिरा. उशीर झाला तर कोणाला तरी सोबत घ्या. दोघांनी आत जायचं, एकाने उघडपणे बाहेर पडून घरात जायचं. पक्ष्यांना वाटतं माणूस गेला. मोजणी त्यांना जमत नाही, निदान माझ्या अंगणातल्या पक्ष्यांना तरी नाही. माझा सोबती म्हणजे शेजारच्या काकू. पहिल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "काय करून राहिला रे तू सकाळपासून त्या बारदान्यात?" आता त्या मला आत सोडून जाताना मुद्दाम चप्पल वाजवत जातात.

फोन सायलेंटवर नाही, बंदच ठेवा. पाणी, ओडोमास, बसायला उशी. लेन्सखाली ट्रायपॉड नसेल तर उशीच्या अभ्र्यात दोन किलो मूग भरून शिवा आणि ती पिशवी स्टुलावर ठेवा. लेन्स हलवायचीच असेल तर घड्याळाच्या मोठ्या काट्याच्या वेगाने. पहिला पक्षी आला की फोटो काढू नका. त्याला पिऊन जाऊ द्या. तो निर्धास्त गेला की दुसरा येतो, आणि शटरचा आवाज दुसऱ्या-तिसऱ्याला फारसा खटकत नाही. अंगण एकदम चिडीचूप झालं किंवा बुलबुल कर्कश ओरडायला लागले तर वर बघा, शिक्रा असतो. नाहीतर भिंतीखाली, मांजर असते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही.

कॅमेरा

मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं असं लिहिलेलं असतं. शिंपी आणि वटवट्या बघितल्यावर मी १/१००० च्या खाली जात नाही. आंघोळीचे उडते थेंब हवे असतील तर १/१६००, उडी घेतानाचा क्षण हवा तर १/३२०० आणि नशीब. ४०० मिमीला ४ मीटरवर, क्रॉप सेन्सरवर, एफ/५.६ ला (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र छोटं) जेमतेम दोन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/८ ला तीन. म्हणून उजेड असेल तर एफ/८. डोळा स्पष्ट आला तर शेपटी मऊ झालेली चालते, उलटं चालत नाही. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर वापरा, नसेल तर एकच फोकस पॉइंट, तोही डोळ्यावर.

एक्स्पोजरला दयाळ सगळ्यात छळतो, कारण तो काळाही आहे आणि पांढराही. गडद झाडीसमोर तो बसला की कॅमेरा सगळं उजळ करतो आणि पंखाची पांढरी पट्टी जळून जाते. तिथे एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉप द्या, रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, काळं नंतर वर उचलता येतं. चौकटभर शिंजिराचा काळा-जांभळा नर असेल तर तो राखाडी धुतलेला येतो, त्यालाही थोडं उणंच. उजळ आकाशासमोर मात्र अधिक. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे आवाज होत नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत फडफडणारे पंख वाकडे येतात. बसलेल्या पक्ष्यालाच वापरा.

काही गोष्टी करायच्याच नाहीत

घरटं दिसलं की लपण तिथून हलवा. शिंप्याचं घरटं तर कधीकधी हाताच्या अंतरावर, कढीलिंबाच्या नाहीतर कर्दळीच्या शिवलेल्या पानांत असतं, आणि मोह होतो. चांगलं दिसावं म्हणून पुढची पानं कापली की दुपारचं ऊन थेट पिलांवर येतं आणि कावळ्याला वाट सापडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच घातलेलं आहे. मोबाईलवर आवाज वाजवून दयाळाला बोलावणंही नको. तो दुसरा नर समजून भांडायला येतो, आणि तुमच्या एका फोटोसाठी दिवसभर रिकाम्या हद्दीची राखण करत बसतो.

पावसाळ्याच्या शेवटी शिंजिराचा नर मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी राहते. फोटो चुकीचा आला म्हणून तो पुसून टाकू नका, मी एक सबंध मालिका तशी पुसली आहे. नर जांभळा होऊन शेवग्यावर भांडायला लागला की हिवाळा सरत आला असं समजा.

होळी झाली की कूलर परत खिडकीत येतो, मोटर सुरू होते आणि त्या चौकोनातला माझा कारभार संपतो. मी बाजूच्या छोट्या खिडकीत सरकतो. एप्रिलात तिथून वेगळंच काही मिळतं: चिमणीची मादी कूलरच्या ताटीला लटकून गवताच्या काड्या ओढते, अर्ध्या तोंडातून पाडते आणि पुन्हा ओढते. १/१०००, एफ/८, मागे ओली ताटी. गेल्या वर्षी मे उजाडेपर्यंत ताटीला वीतभर खिंडार पडलं होतं. ते बुजवायला मी अजून गवत आणलेलं नाही.